हॉकरची सात विमानं: पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकाची कारकीर्द मोजायची कशी?

तुमचे प्रश्न थोडक्यात असे आहेत. लॅनो हॉकरच्या नावावर अवघी सात विमानं, जर्मन वैमानिक रिश्टहोफेनच्या नावावर ऐंशी, आणि शेवटी रिश्टहोफेननेच त्याला पाडलं. मग ब्रिटनच्या सुरुवातीच्या लढाऊ वैमानिकांत हॉकरचं नाव इतकं मानाने का घेतात? शेवटच्या लढतीत तो विमानामुळे हरला की स्वतःच्या निर्णयामुळे? २५ जुलै १९१५ ला त्याने तीन विमानं पाडली असं एके ठिकाणी लिहिलंय आणि दोन असं दुसरीकडे, त्यातलं खरं कोणतं? आणि शेवटी, त्या आकाशात आपल्याकडचं कोणी होतं का?

मी हवाई दलात लढाऊ विमानं उडवली आणि नंतर बरीच वर्षं उड्डाण प्रशिक्षक होतो. निवृत्तीनंतर पहिल्या महायुद्धातल्या लढतींचे अहवाल वाचण्याचा नाद लागला. त्यामुळे हे उत्तर इतिहासकारापेक्षा वैमानिकाच्या नजरेतून आलेलं आहे असं समजून वाचा.

तुमच्या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे असं मला वाटतं: पाडलेल्या विमानांचा आकडा हे कारकीर्द मोजण्याचं माप म्हणून चालतं का? ते काळावर अवलंबून आहे. १९१८ साली आकाशात विमानांची गर्दी होती, प्रत्येक देशाकडे लढाऊ स्क्वाड्रन होती आणि प्रोपेलरच्या पात्यांमधून गोळी सोडणारी यंत्रणा सगळ्यांच्या हातात आली होती. तेव्हाच्या दोन वैमानिकांची तुलना आकड्यावरून केली तर निदान काहीतरी हाती लागतं. १९१५ च्या मध्यापर्यंत यातलं काहीच नव्हतं. 'लढाऊ वैमानिक' नावाची नेमणूकच नव्हती. हॉकरचं रोजचं काम होतं शत्रूच्या हद्दीत जाऊन टेहळणी करणं, फोटो काढणं आणि आपल्या तोफखान्याला मारा कुठे पडतोय ते कळवणं. त्यातून मिळालेल्या वेळात तो लढला.

त्याची पार्श्वभूमी पुढच्या गोष्टींसाठी महत्त्वाची आहे म्हणून सांगतो. जन्म ३० डिसेंबर १८९० चा, इंग्लंडमधल्या हॅम्पशरचा. घराणं लष्करी. आधी नौदलाच्या डार्टमथच्या शाळेत होता, पण तब्येतीने साथ दिली नाही. मग वूलिचची लष्करी अकादमी आणि तिथून रॉयल इंजिनिअर्स. मार्च १९१३ मध्ये हेंडनला विमान चालवण्याचं प्रमाणपत्र मिळवलं. ऑक्टोबर १९१४ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरच्या, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या तेव्हाच्या हवाई दलाच्या, ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनबरोबर तो आघाडीवर गेला. या सगळ्यातला 'इंजिनिअर' हा शब्द लक्षात ठेवा.

१८ एप्रिल १९१५ ला बीई-२सी हे टेहळणीचं संथ विमान घेऊन तो एकटा बेल्जियममधल्या गेंटजवळच्या गोंत्रोडला गेला आणि तिथल्या झेपेलिनच्या, म्हणजे जर्मनांच्या प्रचंड हवाई जहाजाच्या, शेडवर बॉम्ब टाकून आला. उंची २०० फुटांच्याही खाली. तिथे जमिनीला दोराने बांधलेला एक जर्मन फुगा होता आणि त्यातून त्याच्यावर गोळीबार होत होता. हॉकरने त्याच फुग्याची आड घेतली. जमिनीवरच्या बंदुकांना त्याच्यावर नेम धरायचा तर मध्ये आपलाच फुगा यायचा. एकीकडे बॉम्ब टाकायचे, एकीकडे विमान सांभाळायचं, आणि तेवढ्यात शत्रूच्या बंदुका कुठून कुठे पाहतायत याचा हिशेब करायचा. या कामगिरीसाठी त्याला डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर मिळाली. थोड्याच दिवसांत बेल्जियममधल्या ईप्रच्या दुसऱ्या लढाईत जमिनीवरून आलेली गोळी पायाला लागली. चालता येत नव्हतं, म्हणून लोक त्याला उचलून विमानात बसवायचे. लढाई संपेपर्यंत तो उडत राहिला. यातलं काहीही त्या सातात धरलेलं नाही.

आता त्याच्या पहिल्या खऱ्या लढाऊ विमानाकडे येऊ. १९१५ च्या उन्हाळ्यात स्क्वाड्रनला ब्रिस्टल स्काउट हे चपळ, एक आसनी विमान मिळालं. अडचण ही की प्रोपेलर समोर होता आणि त्यातून गोळी सोडायची यंत्रणा ब्रिटिशांकडे नव्हती. सरळ पुढे बंदूक रोखली तर स्वतःचाच पंखा तुटणार. हॉकरने एअर मेकॅनिक अर्नेस्ट एल्टनच्या मदतीने लुईस मशीनगन विमानाच्या डाव्या अंगाला तिरपी बसवली, म्हणजे गोळ्या प्रोपेलरच्या बाहेरून जातील. हा एल्टन पुढे स्वतः वैमानिक झाला आणि चांगलं नाव कमावून गेला.

जोडणी कागदावर सोपी दिसते. पण वैमानिकाच्या जागी बसून विचार करा. विमानाचं नाक एका दिशेला, बंदूक दुसऱ्या दिशेला. आज आम्ही शिकवतो की नाक शत्रूवर आण, पुढचं विमान सांभाळेल. हॉकरला नाक शत्रूवर आणून उपयोगच नव्हता. त्याला शत्रूच्या मागे, जरा उजवीकडे राहून, शत्रू आपल्या डावीकडे पुढच्या कोनात दिसेल असा मार्ग धरावा लागायचा, आणि तो मार्ग गोळ्या झाडताना जराही न हलवता टिकवावा लागायचा. धावत्या सायकलवरून डावीकडे धावणाऱ्या माणसाला चेंडू मारण्यासारखं आहे ते. वर लुईसच्या डब्यात फक्त ४७ गोळ्या. डबा बदलायचा तर स्टिक, म्हणजे विमान चालवायचा दांडा, गुडघ्यांत धरायची. हे काम किती धोक्याचं होतं ते त्याच्याच स्क्वाड्रनमधल्या लुई स्ट्रेंजच्या प्रसंगावरून कळेल. मे १९१५ मध्ये अडकलेला डबा सोडवायला स्ट्रेंज कॉकपिटमध्ये उभा राहिला, विमान उलटं झालं आणि तो त्याच अडकलेल्या डब्याला धरून हवेत लोंबकळत राहिला. पाय कसेबसे आत घेऊन त्याने विमान सरळ केलं. डबा निसटत नाही म्हणून तो उभा राहिला होता, आणि निसटला नाही म्हणूनच वाचला.

असल्या तिरप्या बंदुकीने हॉकर २५ जुलै १९१५ च्या संध्याकाळी ईप्रच्या परिसरात लढला. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याला त्याबद्दल मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या प्रशस्तिपत्रातच आहे. त्यात म्हटलंय की त्याने एकामागून एक तीन जर्मन विमानांवर हल्ला केला. पहिलं अखेर निसटलं, दुसरं नुकसान होऊन जमिनीवर उतरायला भाग पडलं, आणि तिसऱ्यावर त्याने सुमारे १०,००० फुटांवर हल्ला केला, ते ब्रिटिश हद्दीत कोसळलं आणि त्यातले वैमानिक व निरीक्षक दोघेही मेले. तिन्ही विमानांत मशीनगन आणि ती चालवायला दुसरा माणूस होता. म्हणजे 'हल्ला तिघांवर' हे बरोबर आणि 'तीन पाडली' हे चूक. पण हल्ला या शब्दाचं पाडणं होऊन ते पुढे कसं फिरत राहतं ते तुम्ही पाहिलंच आहे. त्याच्या आधी दोन वैमानिकांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता, एकाला बॉम्बहल्ल्यासाठी आणि दुसऱ्याला झेपेलिन नष्ट केल्याबद्दल. विमानाने विमानाशी लढून तो मिळवणारा हॉकर पहिला.

तोच जुलै महिना जर्मनांच्या फोकर एकपंखी विमानांचाही आहे. प्रोपेलरच्या पात्यांमधून गोळी सोडणारी यंत्रणा त्यांच्याकडे आली, आणि जर्मन वैमानिक इमेलमानने पहिलं विमान पाडलं ते १ ऑगस्ट १९१५ ला, हॉकरच्या त्या संध्याकाळनंतर अवघ्या आठवड्याने. पुढचे कित्येक महिने ब्रिटिश टेहळणी विमानांसाठी फार वाईट गेले. हॉकरचं सातवं विमान ७ सप्टेंबर १९१५ चं. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याच्याकडे लंडनजवळ हाउन्स्लोला तयार होत असलेल्या २४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सूत्रं आली. इथे आकड्यांची यादी संपते. माझ्या मते कारकिर्दीचा खरा मोठा भाग इथून सुरू होतो.

२४ स्क्वाड्रन हे ब्रिटिशांचं केवळ एक आसनी लढाऊ विमानांचं पहिलं स्क्वाड्रन. विमान होतं जेफ्री डी हॅविलंडने आखलेलं डीएच-२. यात इंजिन आणि प्रोपेलर वैमानिकाच्या पाठीमागे, त्यामुळे पुढे बंदुकीला मोकळी वाट. इंजिन १०० अश्वशक्तीचं, रोटरी प्रकारचं, म्हणजे त्याचे सिलिंडरच गरगर फिरायचे. कधी एखादा सिलिंडर निखळून उडायचा आणि मागच्या शेपटीच्या दांड्या तोडायचा. विमानाची नियंत्रणं फार हळवी होती. संथ, स्थिर विमानांवर शिकून आलेल्या पोरांच्या हातात ते अचानक स्पिनमध्ये जायचं. फेब्रुवारी १९१६ मध्ये स्क्वाड्रन फ्रान्सला पोचलं, आमियांच्या उत्तरेला बेर्तांगलला तळ पडला, आणि पहिल्याच दिवसांत शत्रूची गाठ पडण्याआधी अपघातात वैमानिक गेले. फिरत फिरत पडून जाळणारं विमान, अशी डीएच-२ ची अपकीर्ती झाली.

या ठिकाणी मला थोडं थांबायचंय, कारण हा भाग मी स्वतः शिकवलेला आहे. पंख येणाऱ्या हवेला फार मोठा कोन करून उभा राहिला की हवा पंखाला धरून वाहत नाही आणि उचल ढासळते. तो झाला स्टॉल. त्या क्षणी विमान जरा जरी तिरकं सरकत असेल तर एक पंख दुसऱ्यापेक्षा जास्त ढासळतो, त्या बाजूला विमान कलंडतं आणि गोल फिरत खाली येऊ लागतं. तो स्पिन. नाक खाली, समोर जमीन फिरतेय. अशा वेळी माणसाचा हात आपोआप स्टिक पोटाशी ओढतो, कारण नाक वर आणायचं असतं. स्टिक ओढलेली असेपर्यंत पंख स्टॉलमधून सुटत नाहीत. उपाय मनाला न पटणारा आहे: इंजिनाची ताकद काढून घ्यायची, फिरण्याच्या विरुद्ध बाजूचा रडर (शेपटीचं सुकाणू, पायाने चालवायचं) पूर्ण दाबायचा, आणि स्टिक पुढे ढकलायची. म्हणजे जमिनीकडे झुकलेलं नाक आणखी जमिनीकडे.

आम्ही किरण या प्रशिक्षण विमानावर स्पिन शिकवायचो. क्रम प्रत्येकाला पाठ असतो. शेजारच्या सीटवर प्रशिक्षक असतो, खाली भरपूर उंची राखलेली असते, हे विमान स्पिनमधून बाहेर येतं हे असंख्य वेळा सिद्ध झालेलं असतं. तरीही पहिल्या स्पिनमध्ये चांगल्या चांगल्या पोरांचा हात स्टिक पुढे नेताना अर्ध्यावर थबकतो. आता १९१६ चा वैमानिक बघा. एक आसनी विमान, शेजारी कोणी नाही, पॅराशूट नाही, आणि यातून बाहेर येता येतं हेच बहुतेकांना ठाऊक नाही. ब्रिटनमध्ये १९१२ साली विल्फ्रेड पार्क स्पिनमधून वाचला होता, पण ती माहिती सगळ्या वैमानिकांपर्यंत पोचलेली नव्हती.

हॉकरने एक डीएच-२ घेतलं, एकटा वर गेला आणि ते मुद्दाम स्पिनमध्ये घातलं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. इंजिन चालू ठेवून, इंजिन बंद करून, वेगवेगळ्या स्थितींतून. प्रत्येक वेळी बाहेर आला. मग खाली उतरून मेसमध्ये सगळ्यांना नेमकं काय करायचं ते सांगितलं, आणि वैमानिकांनी वर जाऊन ते करून पाहिलं. विमान तेच, इंजिन तेच, पण भीती गेली. स्क्वाड्रनच्या कमांडरने हे स्वतःच्या जिवावर करून दाखवणं आणि एखादं परिपत्रक काढणं, यातला फरक ज्याने कधी शिकाऊ वैमानिकाच्या शेजारी बसून स्पिन घातलाय त्याला वेगळा सांगावा लागत नाही. हॉकरची सगळ्यात मोठी कामगिरी कोणती असं मला विचाराल तर ही. १९१७ मध्ये इंग्लंडमध्ये जॉइस ग्रीनच्या विमानतळावर मॅकडन या वैमानिकाने मॅनॉकला डीएच-२ च्या स्पिनमधून सुटण्याचा उपाय सांगितला आणि थोड्याच वेळात मॅनॉकला तो अगदी कमी उंचीवर वापरावा लागला. हे दोघे पुढे ब्रिटनचे सर्वांत नावाजलेले वैमानिक झाले. मॅकडनने तो उपाय हॉकरकडूनच उचलला असा माझा दावा नाही, पण वैमानिकांत असं ज्ञान तोंडोतोंडीच पसरत होतं आणि डीएच-२ च्या बाबतीत त्याची सुरुवात बेर्तांगलला झालेली दिसते.

मग बंदूक. डीएच-२ वरची लुईस हलती होती, वैमानिकाने एका हाताने बंदूक फिरवायची आणि दुसऱ्या हाताने विमान, अशी वरिष्ठांची कल्पना. प्रत्यक्षात ते जमत नाही. आकाशात नेम धरायचा तर बंदूक विमानाला पक्की हवी आणि नेम विमानानेच धरायला हवा. वरिष्ठ मानेनात, तेव्हा हॉकरने एक चाप बसवला. कागदोपत्री बंदूक हलती, प्रत्यक्षात सरळ पुढे घट्ट. त्याशिवाय पुढे पळणाऱ्या लक्ष्याच्या किती पुढे नेम धरायचा ते दाखवणारं कड्याच्या आकाराचं नेम धरायचं साधन, ४७ ऐवजी ९७ गोळ्या मावणारा लुईसचा दुप्पट डबा, जमिनीवरच नेमबाजीचा सराव व्हावा म्हणून झुलणारा विमानाचा सांगाडा, आणि उघड्या कॉकपिटमधल्या थंडीसाठी मांडीपर्यंत येणारे मेंढीच्या कातड्याचे बूट. या सगळ्यांत त्याचा हात होता. १०,००० फुटांवर हिवाळ्यात बोटं आणि पाय बधिर झाले की वैमानिक चांगला असो की वाईट, निकाल सारखाच लागतो. हॉकरला हे कळत होतं. रॉयल इंजिनिअर्स लक्षात ठेवा म्हटलं होतं ते यासाठी.

१९१६ च्या वसंतात २४ स्क्वाड्रनने फोकरशी थेट झुंजायला सुरुवात केली आणि एप्रिलअखेरीस वैमानिकांना खात्री पटली की फोकर हरवता येतं. १ जुलैला फ्रान्समधली सोमची लढाई सुरू झाली तेव्हा त्या आकाशात ब्रिटिशांचा वरचष्मा होता. त्याच्या आदल्या दिवशी स्क्वाड्रनच्या फलकावर हॉकरचा हुकूम लागला होता: दिसेल त्या प्रत्येकावर हल्ला करा. हा हुकूम लक्षात ठेवा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराशी त्याचा संबंध आहे.

आतापर्यंतचा मुद्दा एवढाच की हॉकरच्या सात विमानांची कारकीर्द सप्टेंबर १९१५ ला संपली, आणि पुढचं जवळजवळ सव्वा वर्ष तो इतरांना लढता येईल अशी व्यवस्था उभी करत होता.

आता २३ नोव्हेंबर १९१६. तोपर्यंत पारडं फिरलं होतं. बोल्के या नामवंत जर्मन वैमानिकाने उभं केलेलं जास्टा २ हे लढाऊ स्क्वाड्रन नवी आल्बाट्रॉस विमानं घेऊन उतरलं होतं. बोल्के स्वतः २८ ऑक्टोबरला गेला होता, तोही २४ स्क्वाड्रनच्या दोन डीएच-२ चा पाठलाग करताना स्वतःच्याच सहकाऱ्याच्या विमानाला घासून. त्याचा शिष्य रिश्टहोफेन तोवर दहा विमानांचा धनी होता.

ब्रिटिशांचं धोरण असं होतं की स्क्वाड्रनच्या कमांडरने लढाईच्या उड्डाणांवर जाऊ नये. हॉकर तरीही जायचा. त्या दुपारी तो गेला तो आपल्याच स्क्वाड्रनमधल्या कॅप्टन अँड्रूजच्या गस्तीत, एक साधा सदस्य म्हणून. मेजर असून कॅप्टनच्या नेतृत्वाखाली. सोबत सॉन्डबी हा वैमानिक होता. चौथा वैमानिक इंजिन बिघडल्याने परतला. फ्रान्समधल्या बापोम गावाच्या बाजूला त्यांनी दोन जर्मन विमानांवर झेप घेतली. तेवढ्यात वरच्या उंचीवर आणखी शत्रू विमानं दिसली. अँड्रूज हल्ला सोडून वळायच्या विचारात होता, पण हॉकर त्याला ओलांडून खाली झेपावला. वरची विमानं उतरली. अँड्रूजच्या इंजिनाला गोळ्या लागल्या, सॉन्डबीने एकाला हुसकावलं, दोघे निसटले. हॉकर रिश्टहोफेनशी अडकला.

त्या लढतीचं गणित वैमानिकाच्या भाषेत सांगतो. डीएच-२ जास्तीत जास्त ताशी १५० किलोमीटर, आल्बाट्रॉस १७५ च्या आसपास. इंजिन १०० अश्वशक्तीचं विरुद्ध १६० चं. एक लुईस विरुद्ध दोन मशीनगन. डीएच-२ ची एकच बाजू वरचढ, ते जास्त लहान वर्तुळात वळायचं. पण घट्ट वळण फुकट मिळत नाही. वळताना विमानाला हवेचा रोध फार वाढतो आणि तो भरून काढायला ताकद लागते. इंजिनात ती नसेल तर उंची विकून ती मिळवावी लागते. हॉकर प्रत्येक फेऱ्यात उंची खर्च करत होता, रिश्टहोफेनकडे ती राखायला इंजिन होतं. ३,००० मीटरवर सुरू झालेली लढत खाली खाली येत गेली. त्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे दर फेऱ्याला दोघेही जर्मन हद्दीत आणखी आत सरकत होते. वळत राहिलं तर खाली जमीन, सरळ निघालं तर मागे जास्त वेगवान शत्रू आणि समोरून वारा. उंची उरली नाही तेव्हा त्याने दुसरा मार्ग धरला, नागमोडी जात आघाडीकडे निघाला. रिश्टहोफेनच्या बंदुकाही अडकत होत्या. ब्रिटिश खंदक फार लांब नव्हते. डोक्यात गोळी लागून हॉकर बापोमच्या दक्षिणेला लुइझनहोफ शेतवाडीजवळ कोसळला. वय २५. रिश्टहोफेनने त्याची लुईस गन स्वतःच्या खोलीच्या दारावर लावली आणि त्याला ब्रिटिशांचा बोल्के म्हटलं.

विमान की निर्णय, असं विचारलंत. एकदा वर्तुळ सुरू झाल्यावर त्या विमानात त्या वाऱ्यात बसलेला कोणताही वैमानिक जवळपास तिथेच पोचला असता. ती बाजू विमानाची. पण वर शत्रू दिसत असताना खाली झेपावणं हा निर्णय होता. दिसेल त्या प्रत्येकावर हल्ला करा हा हुकूम जून १९१६ मध्ये योग्य होता, कारण तेव्हा विमान साथ देत होतं आणि हल्ल्याने शत्रूचं मन खचत होतं. नोव्हेंबरपर्यंत समोरचं विमान बदललं होतं आणि हुकूम तोच राहिला होता. हॉकरने आपल्या पोरांना जे सांगितलं ते स्वतः पाळलं, याचा मला मनापासून आदर आहे. पण मी त्याचा वरिष्ठ असतो तर त्याला त्या विमानात बसू दिलं नसतं. असा माणूस एका गस्तीतल्या एका विमानापेक्षा शंभरपट मोलाचा असतो. त्याच्या हाताखालचे अँड्रूज आणि सॉन्डबी पुढे हवाई दलात फार वरच्या पदांवर गेले. हॉकर जगला असता तर काय झालं असतं त्याचा अंदाज त्यावरून करता येतो.

आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा हेही सांगायला हवं. याच लढतीचं उदाहरण घ्या. रिश्टहोफेनच्या अधिकृत अहवालात लढत तीन ते पाच मिनिटांची आहे आणि पाडलेलं विमान 'व्हिकर्स' म्हटलंय, कारण जर्मन वैमानिक मागे इंजिन असलेल्या बहुतेक ब्रिटिश विमानांना व्हिकर्सच म्हणायचे. नंतरच्या सांगण्यांत तीच लढत कितीतरी लांबत गेली. शिवाय त्या महिन्यात जर्मन घड्याळ ब्रिटिश घड्याळाच्या एक तास पुढे होतं, म्हणून दोन बाजूंचे अहवाल जुळवताना वेळ तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'विजय' कशाला म्हणायचं हेही दोन्हीकडे वेगळं होतं. ब्रिटिश यादीत नष्ट झालेलं, ताबा सुटून पडताना दिसलेलं आणि उतरायला भाग पाडलेलं, असे सगळे प्रकार येतात. लढती बहुधा जर्मन हद्दीवर होत, त्यामुळे जर्मनांना अवशेष हाती लागत, ब्रिटिशांना नाही. आणि जर्मन बाजूने पडताळा घ्यायचा तर पॉट्सडॅमच्या लष्करी अभिलेखागारातले असंख्य कागद १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाले. म्हणून सात हा आकडा मी 'सुमारे सात लढतींत शत्रूचं काम थांबवलं' असा वाचतो, त्याहून बारीक नाही.

शेवटचा प्रश्न. हो, आपल्याकडचे होते. कोलकात्याचे इंद्रलाल रॉय ४० स्क्वाड्रनमधून जुलै १९१८ मध्ये दहा विजय मिळवून त्याच महिन्यात मारले गेले, त्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर मात्र आपल्यालाही फारसे ठाऊक नसतात. ते २३ स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन हे लढाऊ विमान उडवायचे आणि जून १९१८ मध्ये आघाडीवरच गेले. पाच किंवा अधिक विजयांच्या कुठल्याही यादीत ते नाहीत, म्हणून यादी घेऊन शोधणाऱ्याला ते सापडत नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर स्क्वाड्रनच्या नोंदीपासून सुरुवात करा. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात रॉयल फ्लाइंग कोअरचे कागद 'एअर १' या मालिकेत आहेत. हॉकरचं २४ स्क्वाड्रनही तिथेच शोधा. आधी त्या दिवशी स्क्वाड्रनला काम काय दिलं होतं ते वाचा, मग लढतीचा अहवाल, आणि विजयांची यादी सगळ्यात शेवटी.